औषधच नाही, मग कारण शोधून काय करायचं?

चालायला लागलेलं मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी अडखळू लागतं. किंवा चाळिशीतल्या माणसाचा तोल जाऊ लागतो, जीभ जड होते, आणि घरातल्या कुणाला तरी आठवतं की त्याच्या आत्याचंही शेवटी असंच झालं होतं. मग तपासण्या सुरू होतात. रक्त, एमआरआय, नसांचा वेग मोजणं, पाठीतलं पाणी काढणं. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, दर वेळी जाडजूड होत गेलेली फाइल काखेत घेऊन. दुर्मिळ आजाराचं नेमकं निदान व्हायला सरासरी चार-पाच वर्षं लागतात असं सांगितलं जातं. मज्जासंस्थेच्या आजारांत ती मुदत अनेकदा याहूनही लांबते. या काळात कधीतरी जनुकीय चाचणीचा विषय निघतो आणि बहुतेक वेळा त्याच बैठकीत बाजूला पडतो. ‘कारण सापडलं तरी औषध कुठे आहे? मग शोधून काय करायचं?’

हा प्रश्न विमा कंपन्या विचारतात, आरोग्य खात्याचा हिशेब सांभाळणारे विचारतात, दमलेले डॉक्टर विचारतात आणि घरातली वडीलधारी माणसंही विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. तरीही या प्रश्नावर आज धोरणं बेतली जात आहेत, कोणाच्या चाचणीचे पैसे द्यायचे आणि कोणाचे नाही हे त्यावरून ठरतं आहे, म्हणून त्याला स्पष्ट उत्तर द्यायला हवं. आनुवंशिक मेंदूविकाराचं कारण शोधून मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे, उपचार असो वा नसो. आणि हा हक्क पहिल्या चाचणीबरोबर संपत नाही. कारण सापडेपर्यंत तो शिल्लक राहतो.

मुळात ‘औषध नाही’ हे वाक्य निदानाच्या आधी कोणालाच बोलता येत नाही. कशावर औषध नाही? आजाराचं नाव माहीत नसताना त्याच्यावर उपचार नाहीत हे ठरवायचं कसं?

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे जन्माच्या सुमारास मेंदूला इजा होऊन आलेलं अपंगत्व, म्हणून वर्षानुवर्षं व्यायामाला नेल्या जाणाऱ्या मुलांपैकी काहींचा आजार प्रत्यक्षात वेगळाच असतो. झोपून उठल्यावर ती बरी चालतात, दिवस चढेल तसे पाय आखडत जातात आणि संध्याकाळी उभं राहणंही कठीण होतं. जपानचे डॉ. मासाया सेगावा यांनी १९७० च्या दशकात हा आजार वेगळा ओळखला. १९९४ मध्ये त्यामागचं मुख्य जनुक सापडलं. मेंदूत डोपामिन बनण्यासाठी ज्या रासायनिक पायऱ्या लागतात, त्यांतली एक त्यात अधू असते. त्यावरचा उपाय म्हणजे लेव्होडोपा, पार्किन्सनच्या रुग्णांना दिलं जाणारं जुनं औषध, आणि तेही बहुधा अगदी थोड्या मात्रेत. ज्यांचं चालणं पूर्ण थांबलं होतं अशी माणसं या गोळीने पुन्हा चालू लागल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

इथे कुणी म्हणेल की जनुकचाचणीशिवायही ही गोळी देऊन बघता येते. खरं आहे, आणि चांगले न्यूरॉलॉजिस्ट ती देऊन बघतातच. पण २०११ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेली जुळ्या भावंडांची हकिकत या आक्षेपाला पुरेसं उत्तर देते. त्यांना आधी सेरेब्रल पाल्सी असल्याचं सांगण्यात आलं होतं. पुढे खरा प्रकार लक्षात आला, लेव्होडोपा सुरू झाली, मोठा फरक पडला, तरी काही त्रास उरलाच. संपूर्ण जीनोम, म्हणजे त्यांचा सगळा डीएनए, वाचल्यावर कळलं की दोष नेहमीच्या जनुकात नाही, त्याच साखळीतल्या दुसऱ्या जनुकात आहे, आणि त्यामुळे डोपामिनबरोबर सेरोटोनिनही कमी पडतंय. सेरोटोनिन तयार होण्यासाठी लागणारं पूरक औषध जोडल्यावर दोघांचीही तब्येत आणखी सुधारली. गोळी देऊन अंदाज बांधत राहिलं असतं तर ही दुसरी उणीव कोणाच्या लक्षात आली असती?

आकडीच्या आजारांत तर कारण न कळण्याची किंमत थेट मोजावी लागते. ग्लुट-१ नावाच्या वाहक प्रथिनाची कमतरता असलेल्या मुलांच्या मेंदूला रक्तातली साखर पुरेशी पोहोचत नाही. त्यांना झटक्यांच्या नेहमीच्या औषधांपेक्षा अतिस्निग्ध, अत्यल्प कर्बोदकांचा कीटोजेनिक आहार जास्त उपयोगी पडतो, आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. ड्राव्हे सिंड्रोममध्ये उलटं घडतं. एससीएन१ए या जनुकातल्या दोषामुळे ज्या मुलांना हा आजार होतो, त्यांना कार्बामॅझेपिनसारखी एरवी उत्तम काम करणारी औषधं दिली तर झटके वाढू शकतात. पीओएलजी जनुकात दोष असलेल्या मुलांना व्हॅल्प्रोएट दिलं तर यकृत निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. ही सगळी औषधं रोज लिहून दिली जातात. म्हणजे कारण माहीत नसलेल्या मुलाला आपण काहीच करत नाही, असं नसतं. आपण त्याला औषधं देतच असतो, फक्त अंदाजाने.

आता अशा आजारांकडे वळू, जिथे खरोखरच आज काही औषध नाही. ते बहुसंख्य आहेत, हे लपवायचं कारण नाही. त्यांच्या बाबतीत कारण शोधून काय मिळतं?

पहिली गोष्ट, दोषारोप थांबतो. मूल आजारी पडलं की कारणं शोधण्याचं काम विज्ञानाआधी समाज सुरू करतो आणि बहुतेक वेळा आईपाशी येऊन थांबतो. गरोदरपणात काय खाल्लंस, कुठे पडली होतीस, ताप आला तेव्हा लवकर का नेलं नाहीस. या जागेवर कधी कधी लस येऊन बसते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये अशा १४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांच्या मेंदूविकाराचं खापर लहानपणी दिलेल्या लशीवर फोडलं गेलं होतं. त्यांतल्या ११ जणांच्या एससीएन१ए जनुकात दोष सापडला. तो जन्मापासूनच होता. लस दिली नसती तरी आजार आलाच असता. या ११ घरांतल्या आईवडिलांनी ‘आपणच मुलाला लस द्यायला नेलं’ हे ओझं किती वर्षं वाहिलं असेल याचा विचार केला की निदानाचं मोल कळतं. आणि त्या घरांपलीकडे, लशीवरचा अविश्वास पसरू न देणं हा सार्वजनिक लाभ आहेच.

जनुकाचं नाव कळल्यावर नव्या प्रकारचा दोषारोप सुरू होण्याची भीती असते, हेही मान्य केलं पाहिजे. ‘हे कोणाच्या घराण्यातून आलं?’ हा प्रश्न लगेच पुढे येतो. पण या प्रश्नाला जनुकशास्त्राकडे जे उत्तर आहे ते समजुतीच्या गोष्टींपेक्षा बळकट आहे. बालवयातल्या अनेक गंभीर मेंदूविकारांत बदल आईवडिलांपैकी कोणातही नसतो, तो त्या मुलात नव्यानेच झालेला असतो. प्रत्येक नवजात बाळाच्या डीएनएमध्ये असे साधारण ६० ते ७० नवे बदल असतातच; बहुतेक निरुपद्रवी ठिकाणी पडतात, एखादा नेमका नको तिथे पडतो. दोन्हीकडून जनुकाची सदोष प्रत आल्यावरच होणाऱ्या आजारांत आई आणि वडील दोघंही वाहक असतात, स्वतः धडधाकट असतात, आणि अशा काही सदोष प्रती आपल्या प्रत्येकाच्या अंगात आहेत. एखाद्या जाणत्या समुपदेशकाने घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून हे नीट समजावलं तर घराण्याचा प्रश्न बराचसा विरतो. त्यासाठी चाचणीबरोबर समुपदेशक हवा. नुसता रिपोर्ट हातात ठेवणं हा अर्धवट उपचार आहे.

दुसरी गोष्ट पुढच्या मुलाची. दोष नव्याने झालेला असेल तर पुढच्या अपत्याला तो होण्याची शक्यता फार कमी असते. दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणात ती २५ टक्के असते. या दोन उत्तरांत एका जोडप्याच्या आयुष्याचा फरक आहे. कारण न शोधता त्यांना ‘बघा, तुमचा निर्णय’ असं सांगणं म्हणजे निर्णय घ्यायला लागणारी एकमेव माहिती त्यांच्यापासून दूर ठेवणं.

याविरुद्धचा सर्वांत वजनदार युक्तिवाद पैशाचा नाही. तो आहे न कळण्याच्या हक्काचा, आणि तो समजून घ्यायचा तर हंटिंग्टनच्या आजाराकडे जावं लागतं.

जॉर्ज हंटिंग्टन या २२ वर्षांच्या डॉक्टरने १८७२ मध्ये या आजाराचं वर्णन लिहिलं. अमेरिकेतल्या लाँग आयलंडवर त्याचे वडील आणि आजोबाही डॉक्टर होते. तिघांनी मिळून काही कुटुंबांच्या अनेक पिढ्या पाहिल्या होत्या. आईला किंवा वडिलांना हा आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी. शरीर अनिच्छेने हलत राहतं, स्वभाव बदलतो, विचारशक्ती क्षीण होत जाते. तो बहुधा तिशी-चाळिशीत सुरू होतो, म्हणजे तोवर मुलंबाळं झालेली असतात. नॅन्सी वेक्स्लर यांच्या आईला १९६८ मध्ये याचं निदान झालं. त्या स्वतः मानसशास्त्रज्ञ. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठच्या वस्त्यांत हा आजार असलेली फार मोठी कुटुंबं आहेत हे अमेरिको नेग्रेत्ते या तिथल्याच डॉक्टरने १९५० च्या दशकात जगाला सांगितलं होतं. वेक्स्लर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं तिथे जात राहिले. १८,००० हून अधिक माणसांची वंशावळ त्यांनी मांडली, ४,००० हून अधिक जणांनी रक्त दिलं. १९८३ मध्ये जेम्स गुसेला यांच्या गटाला चौथ्या गुणसूत्रावर जनुकाचा माग लागला, आणि प्रत्यक्ष जनुक हाती यायला पुढची दहा वर्षं गेली. १९९३ मध्ये अनेक प्रयोगशाळांच्या संयुक्त गटाने ते जाहीर केलं. डीएनएमधली सीएजी ही तीन अक्षरं त्या जनुकात एकापुढे एक पुन्हा पुन्हा येतात. ३५ वेळांपर्यंत आली तर आजार होत नाही. ४० किंवा त्याहून जास्त वेळा आली तर, माणूस पुरेसा जगला तर, आजार येतोच.

चाचणी इतकी निःसंदिग्ध असूनही जोखमीत असलेल्या माणसांपैकी पाचातला एकही ती करून घेत नाही, असंच बहुतेक देशांत दिसलं आहे. वेक्स्लर यांनीही चाचणीबाबत जाहीरपणे काही सांगितलं नाही. आपल्याला हा आजार आहे हे त्यांनी २०२० मध्ये उघड केलं, तेव्हा लक्षणं दिसू लागली होती. याच्या अगदी उलट वाट सोनिया वल्लभ यांनी घेतली. त्यांच्या आईचा मृत्यू प्रायॉन या मेंदूतल्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणाऱ्या आनुवंशिक आजाराने झाला. सोनिया वकील होत्या. त्यांनी चाचणी करून घेतली, दोष आपल्यातही असल्याचं कळलं, आणि त्या व त्यांचे पती एरिक मिनिकेल दोघांनीही आपापले व्यवसाय सोडून जीवशास्त्र शिकायला घेतलं. आज ते दोघं त्याच आजारावरच्या औषधासाठी प्रयोगशाळा चालवतात.

या दोघींत कोणाची निवड बरोबर, हा प्रश्नच मला गैर वाटतो. दोघींकडे निवड होती, हे महत्त्वाचं. कारणच माहीत नसतं तर जाणून घेण्याचा हक्क नसता आणि न जाणण्याचाही नसता. उरली असती फक्त भीती. म्हणून न कळण्याच्या हक्काचा आधार घेऊन कारण शोधण्यालाच विरोध करणारे दोन वेगळ्या माणसांची गल्लत करतात. एक आजारी आहे, त्याला झालंय काय हे कळायला हवं. दुसरा आजवर निरोगी आहे, त्याच्या भविष्याचा दरवाजा कोणी परस्पर उघडता कामा नये. दुसऱ्याचं संरक्षण करण्याचे मार्ग आहेत. चाचणीआधी समुपदेशन. उशिरा सुरू होणाऱ्या आणि उपचार नसलेल्या आजारांसाठी अल्पवयीन मुलांची चाचणी न करणं. चाचणी केल्यावरही निकाल न ऐकण्याची मुभा. हंटिंग्टनच्या निमित्ताने हे नियम आंतरराष्ट्रीय पातळीवर घासूनपुसून तयार झालेले आहेत. कायद्याचं कवच मात्र अजून अनेक ठिकाणी तोकडं आहे. अमेरिकेने २००८ मध्ये केलेला जनुकीय भेदभावविरोधी कायदासुद्धा नोकरी आणि आरोग्यविम्यापुरताच आहे; आयुर्विमा त्याच्या बाहेर राहिला. जिथे रिपोर्टमुळे माणसाचा विमा जाऊ शकतो, तिथे तो रिपोर्ट नको म्हणणाऱ्याला अज्ञानी ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आणि माराकाइबोकाठच्या त्या लोकांचं काय? त्यांच्या रक्तावर उभी राहिलेली चाचणी जगभर पोहोचली. ते मात्र गरिबीतच राहिले, आणि त्यांच्यातल्या आजाऱ्यांना साधी शुश्रूषा मिळणंही दुरापास्त झालं. कारण शोधण्याचा पुरस्कार करताना हा हिशेब सोडून देता येणार नाही. ज्यांच्या नमुन्यांतून शोध लागतो त्यांच्या देखभालीची तरतूद त्या संशोधनाच्या अंदाजपत्रकातच असली पाहिजे, पुढे कधीतरी कोणीतरी दान देईल या भरवशावर ती सोडता येत नाही.

आता त्या मुद्द्याकडे येतो, ज्यावर सर्वांत कमी बोललं जातं. चाचणी झाली, पैसे गेले, दोन महिन्यांनी रिपोर्ट आला: काही आढळलं नाही. कुटुंबाला वाटतं, म्हणजे आजार आनुवंशिक नाही. अनेकदा त्यांना तसं सांगितलंही जातं. हा अर्थ चुकीचा आहे आणि त्याने फार नुकसान होतं.

सर्वाधिक वापरली जाणारी एक्झोम चाचणी जीनोमचा जेमतेम दीड-दोन टक्के भाग वाचते, म्हणजे प्रथिनं बनवण्याच्या सूचना असलेला भाग. दोष त्या भागाबाहेर असेल तर तो तिला दिसतच नाही. संपूर्ण जीनोम वाचणारी नेहमीची यंत्रंही डीएनएचे साधारण दीडशे अक्षरांचे तुकडे वाचून ते पुन्हा जुळवतात. एखाद्या पुस्तकाच्या चिंध्या करून ते पुन्हा जोडायचं ठरवलं आणि एका पानावर एकच शब्द पाचशे वेळा छापलेला असला, तर ते पान मुळात किती लांब होतं हे चिंध्यांवरून सांगता येणार नाही. नेमका असाच, अक्षरांच्या आवृत्त्या लांबत जाण्याचा दोष अनेक मेंदूविकारांत असतो. तोल जाण्याच्या एका आजाराचं, स्पायनोसेरेबेलर अॅटॅक्सिया ४ चं, उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या युटामधल्या स्वीडिश वंशाच्या एका कुटुंबावरून १९९६ मध्येच कळलं होतं की दोष सोळाव्या गुणसूत्रावर आहे. नेमका कुठे, हे कळायला २०२४ उजाडलं. लांबच लांब तुकडे सलग वाचणारी नवी यंत्रं आल्यावर झेडएफएचएक्स३ या जनुकातल्या आवृत्त्या सापडल्या. या मधल्या काळात त्या कुटुंबातल्या ज्यांनी ज्यांनी चाचण्या केल्या, त्यांना ‘काही आढळलं नाही’ हेच उत्तर मिळालं. प्रौढ वयात तोल आणि पायांची संवेदना दोन्ही घालवणाऱ्या कॅनव्हास या आजाराचं कारणही असंच २०१९ पर्यंत लपून राहिलं. ते आरएफसी१ जनुकाच्या अशा भागात होतं जिथे कोणी सहसा बघत नसे.

याहून मोठा धक्का २०२४ मध्ये आरएनयू४-२ ने दिला. जेमतेम १४१ अक्षरांचं जनुक. ते प्रथिन बनवत नाही, म्हणून एक्झोम चाचणीत ते येतच नाही. विकास खुंटणं, बोलता न येणं, झटके असा त्रास असलेल्या आणि वर्षानुवर्षं निदानाविना राहिलेल्या असंख्य मुलांत दोष तिथे निघाला. त्यांतल्या बहुतेकांत तर एकाच ठिकाणी एकच अक्षर जास्तीचं घुसलं होतं. हा शोध प्रामुख्याने इंग्लंडमध्ये सरकारी योजनेत वाचून जपून ठेवलेल्या जीनोमच्या माहितीतून लागला. शोध जाहीर झाल्यावर इतर देशांतल्या गटांनी आपापली साठवलेली माहिती उघडून पाहिली आणि त्यांनाही रुग्ण सापडत गेले. नवं रक्त घ्यावं लागलं नाही. जुनीच माहिती नव्या नजरेने वाचली, इतकंच.

ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या १३,००० हून अधिक कुटुंबांच्या एका मोठ्या अभ्यासात, विकासाचे गंभीर विकार असलेल्या सुमारे ४१ टक्के मुलांना अखेर जनुकीय निदान मिळालं. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उरलेल्या ५९ टक्क्यांच्या पालकांना ‘आजार आनुवंशिक नाही’ असं सांगायचं की ‘अजून कळलेलं नाही, आम्ही पुन्हा बघू’ असं सांगायचं? दुसरं उत्तर खरं आहे, पण ते देणाऱ्यावर जबाबदारी येते. आज बहुतेक ठिकाणी पुन्हा बघण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. प्रयोगशाळा म्हणते डॉक्टरने विचारावं, डॉक्टर समजतो प्रयोगशाळा कळवेल, आणि कुटुंबाला विचारता येतं हेच ठाऊक नसतं. म्हणून माझी ठाम मागणी आहे: दर दोन-तीन वर्षांनी जुनी माहिती पुन्हा तपासणं हा चाचणीचाच भाग असावा, त्याचे पैसे सुरुवातीलाच त्यात धरलेले असावेत, आणि निकाल बदलला तर कळवण्याची जबाबदारी प्रयोगशाळेवर लेखी टाकलेली असावी. कुटुंबाने मागितल्यास कच्ची माहिती, नुसता दोन पानी रिपोर्ट नव्हे, त्यांच्या हाती मिळाली पाहिजे. ती त्यांचीच आहे.

रिपोर्टमधला आणखी एक प्रकार लोकांना फार छळतो: ‘महत्त्व अनिश्चित असलेला बदल’. म्हणजे काहीतरी वेगळं सापडलंय, पण ते आजाराचं कारण आहे की निरुपद्रवी वेगळेपण, हे सांगता येत नाही. हे ठरवण्याचा एक मुख्य मार्ग म्हणजे निरोगी माणसांत तो बदल किती आढळतो हे पाहणं. पण ज्या माहितीसाठ्यांशी ताडून पाहिलं जातं, त्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचंच प्राबल्य आहे. परिणाम उघड आहे. इतर वंशांच्या रुग्णांच्या रिपोर्टवर ‘अनिश्चित’ हा शेरा जास्त वेळा येतो. मिनिकेल आणि वल्लभ यांनीच २०१६ मध्ये ६०,००० हून अधिक माणसांची माहिती तपासून दाखवलं की प्रायॉन जनुकातले ‘रोगकारक’ म्हणून नोंदलेले कित्येक बदल निरोगी लोकांतही इतक्या प्रमाणात आढळतात की ते सगळे रोग घडवणारे असणं शक्य नाही. म्हणजे काही घरांत मृत्यूची टांगती तलवार उगाच लटकत होती. सगळ्या वंशांच्या, सगळ्या प्रदेशांच्या लोकांची माहिती जमवणं ही न्यायाची बाब तर आहेच, पण त्याआधी ती निदान अचूक होण्याची अट आहे. स्पायनोसेरेबेलर अॅटॅक्सिया १२ चं कारण १९९९ मध्ये जर्मन वंशाच्या एका अमेरिकी कुटुंबात सापडलं, आणि पुढे लक्षात आलं की या आजाराची बहुसंख्य कुटुंबं भारतात आहेत. एका साठ्यात दुर्मिळ दिसणारं दुसरीकडे तितकं दुर्मिळ नसतं.

पैशाबद्दल थोडक्यात. पहिला मानवी जीनोम वाचायला १९९० ते २००३ अशी तेरा वर्षं आणि सुमारे २७० कोटी डॉलर लागले. आज यंत्रातून एक जीनोम काही शे डॉलरमध्ये निघतो. निदानाविना भटकणाऱ्या कुटुंबाच्या चार-पाच वर्षांच्या एमआरआय, बायॉप्सी, भरती आणि बुडालेल्या पगाराशी याची तुलना करा. खर्च आता जीनोम वाचण्याचा राहिलेला नाही, अर्थ लावणाऱ्या माणसांचा आहे. आणि ती माणसं, जनुकतज्ज्ञ, समुपदेशक, माहितीविश्लेषक, तयार करण्यावर सरकारांनी खर्च टाळला आहे. यंत्रं विकत घेऊन फोटो काढून घेता येतात, समुपदेशक विकत घेता येत नाही, तो घडवावा लागतो.

आणि औषध? कारण सापडल्याशिवाय मुळावर घाव घालणारं औषध सहसा येत नाही, एवढं इतिहास दाखवतो. लहान मुलांचे स्नायू दुबळे करत नेणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीचं जनुक १९९५ मध्ये फ्रान्समधल्या ज्युडिथ मेल्की यांच्या गटाला सापडलं, पहिलं औषध मंजूर व्हायला २०१६ चा डिसेंबर लागला. एकवीस वर्षं. या एकवीस वर्षांत गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना कारण कळूनही काही हाती लागलं नाही, हे खरं. पण त्यांच्या मुलांच्या नमुन्यांशिवाय आज जन्मतःच चाचणी होऊन, लक्षणं दिसण्याआधी उपचार मिळून चालणारी मुलं जगाने पाहिली नसती. एका मुलीच्या, मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट करणाऱ्या बॅटन आजाराचं उदाहरण याहून अवघड आहे. तिचा दोष नेहमीच्या चाचणीतून निसटला होता. बॉस्टनमध्ये टिमथी यू यांच्या गटाने संपूर्ण जीनोम वाचून तो शोधला आणि वर्षभराच्या आसपास मिलासेन हे औषध फक्त तिच्यासाठी तयार केलं. तिचे झटके कमी झाले. आजार मात्र थांबला नाही, २०२१ मध्ये ती गेली. अशा प्रयत्नांना चमत्कार म्हणून विकणं कुटुंबांशी बेइमानी आहे. बहुतेकांना त्यांच्या आयुष्यात औषध मिळणार नाही, हे त्यांना तोंडावर सांगितलं पाहिजे, आणि तरीही कारण शोधून दिलं पाहिजे. ज्या पालकांशी असं सरळ बोललं जातं, ते बहुधा दोन्ही पेलू शकतात. न पेलणारी असते ती वर्षानुवर्षांची मोघम उत्तरं.

याच कारणाने आणखी एक गोष्ट रुग्णालयांनी रीत म्हणून स्वीकारायला हवी, जी आज फार थोड्या ठिकाणी होते. निदान न होताच मूल गेलं, तर त्याचा डीएनए, आईवडिलांना मान्य असेल तर, राखून ठेवावा. थोडंसं रक्त पुरतं, आणि वेगळा काढलेला डीएनए अनेक वर्षं टिकतो. त्या दिवशी पालकांना हे स्वतःहून सुचणार नाही, म्हणून विचारण्याचं काम डॉक्टरांचं, आणि ते शक्यतो आधीच, मूल जिवंत असताना, हळुवारपणे व्हावं. काही वर्षांनी एखादं आरएनयू४-२ सापडतं. तेव्हा भावंडं लग्नाच्या वयाची झालेली असतात, त्यांना स्वतःबद्दल विचारायचं असतं, आणि विचारायला नमुनाच शिल्लक नसेल तर त्यांना कोणीच उत्तर देऊ शकत नाही.